घोडेटेकची पहिली घागर

पायथा

छबुबाई पडली.

फार लागलं नाही. गुडघ्यावर आली, एवढंच. पण पडली ती पाडव्याच्या सकाळी, घोडेटेकच्या अगदी पहिल्या चढाला, अख्ख्या बेलदरा गावाच्या डोळ्यांदेखत. हातातला तांब्या उताराला लागला आणि खणखणत थेट कल्याणराव आबांच्या पायांपाशी जाऊन थांबला, जसा काही तक्रार घेऊन आला.

तिची लेक ईश्वरी दोन पावलं पुढं होती. तिचा हात आपोआप लांब झाला आणि अर्ध्या वाटेत थिजला. शिवायचं नव्हतं. उठवायलासुद्धा नाही.

"सांडलं का गं?"

"सांडलं, माय."

"सगळंच?"

"सगळं."

छबुबाई हातांनी जमीन चाचपत उठली. लुगडं झटकलं. तिचं तोंड गावाकडं नव्हतं, एका बाभळीकडं होतं, पण ते तिला कुणी सांगितलं नाही.

तिला दिसत नाही. हे खरं तर आधी सांगायला हवं. पण बेलदऱ्यात ते कुणी वेगळं सांगत नाही, पाऊस कमी पडतो हे जसं सांगत नाहीत तसं.

उंची

घोडेटेक म्हणजे हिमालय नव्हे. पण मांजरसुंब्याच्या पश्चिमेला बालाघाटाची जी रांग पसरली आहे, तिच्यात त्याच्याएवढं मान वर काढून उभं राहिलेलं दुसरं कुणी नाही. आणि बेलदऱ्याच्या माणसाला विचाराल तर हिमालय पाहिलाय कुणी?

माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कमरेएवढा जमिनीवर, आणि जमिनीत किती ते कुणाला ठाऊक नाही. पाडव्याला सगळं गाव पायथ्याच्या बारवेतून घागरी वाहून तो भरतं आणि मृग लागेपर्यंत रिता होऊ देत नाही. मेंढरामागची माणसं पितात, मोर पितात, लांडगेही पीत असतील. पाण्याला कोण हटकणार?

हे सुरू झालं एका दुष्काळात. कुठल्या, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. वर मेंढपाळाची लेकरं तहानेनं पडली होती, खाली बारवेच्या तळाला चूळभर पाणी होतं, आणि गाव म्हणालं, आपल्यालाच नाही तर वर कुठून? तेव्हा एक बाई घागर भरून एकटीच निघाली. तिला कुणी हात दिला नाही. ती पोचली, लेकरं जगली. मग गावाला लाज वाटली, आणि लाज वाटली की गाव काय करतं? तिचा मान करून टाकतं.

तर मान असा. पहिली घागर त्याच घरच्या सुनेनं न्यायची. तिच्याआधी माथ्यावर कुणाचा पाय पडायचा नाही. वाटेत पाणी जमिनीला टेकवायचं नाही, सांडलं तर परत बारवेपासून सुरुवात. आणि तिला कुणी हात लावायचा नाही. "तवा दिला न्हाई, आता कशाला?" असं त्या पहिल्या बाईनंच पुढच्या वर्षी सुनावलं होतं म्हणे. बाई तिखट असणार.

त्या घरची आजची सून छबुबाई.

गावाचं म्हणणं

छबुबाईचे डोळे गेल्यापासून तिच्या जावेनं नेली की घागर, वनमालानं. नेली, पर वनमाला आता पुन्याला लेकाकडं गेली, ती काय येती माघारी? मग ईश्वरीला नेऊ द्या. लेक हाय ती, सून न्हाई. अरे पर नोकरीला हाय, यष्टीत कंडक्टर हाय बीड डेपोला. कंडक्टर असू द्या न्हाई तर कलेक्टर, लेक ती लेक. मग मान दुसऱ्या घरी द्या. कावून द्या? मान काय कुनाच्या सातबाऱ्यावर हाय का? विजयसिंहाच्या घरी द्या, त्याची बायको विजयमाला धडधाकट हाय. धडधाकट हाय म्हनून, का इलेक्शन हाय म्हनून? गप बे.

शेवटी कल्याणराव आबांनी निकाल दिला. गावातले सगळ्यात म्हातारे ते, म्हणून रीतभात त्यांच्या तोंडी. ह्या पाडव्याला छबुबाईनं स्वतः पाणी नेलं तर मान तिचा. नाही जमलं तर मान दुसऱ्या घरी, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

विजयसिंहानं बॅनर छापूनही आणला. 'पहिल्या घागरीच्या मानकरी', खाली विजयमालाबाईंचा हात जोडलेला फोटो. पण माणूस सभ्य होता. बॅनर गुंडाळूनच ठेवला होता.

आणि ईश्वरीनं त्या बैठकीत भांडून एक सवलत मिळवली होती. आंधळ्या बाईला घागरीचं ओझं कशाला? तांब्याभर पाणीही पाणीच. आबांनी विचार केला आणि मान डोलावली. ईश्वरी त्या संध्याकाळी लढाई जिंकल्यासारखी घरी गेली. छबुबाईनं ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये काय होतं ते ईश्वरीला तेव्हा कळलं नाही.

बारवेवर, परत

"घागर भर."

"तांब्या भरते, माय. आता अजून हळू जाऊ. मी नीट सांगते वाट."

"तू वाट सांगत न्हाईस, बातम्या सांगतीस. डावीकडं दगड, उजवीकडं बोराटी, हळू माय, थांब माय, चल माय. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. घागर भर म्हनले मी. मोठी. पितळंची."

"तांब्या घिऊन पडलीस, आन घागर घिऊन चढनार?"

"तांब्या घितला म्हनूनच पडले. एक हात त्याच्यात अडकला. सांडू ने म्हनून मान खाली गेली, मान गेली की कंबर वाकली. मी काय बकरी हाय का, वाट हुंगत जायाला? डोक्यावर वजन दे. पाय आपले आपन जागा हुडकत्येत."

"आन पडलीस म्हंजे? माय, एवढी घागर मानंवर—"

"फळीवरून पडले का कवा?"

ईश्वरी तांब्याला पोचा आलाय का ते बघू लागली.

"बोल की. पडले का?"

"न्हाई."

"मग भर."

फळी

छबुबाई ऊसतोडीला गेली ती लग्नाच्या वर्षापासून डोळे जाईपर्यंत. दसरा झाला की गाव सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी म्हणजे एक अरुंद लाकडी पाट, तिरपा उभा. पायाखाली हलतो, मध्यावर लवतो. मोळी डोक्यावर असली की उसाचं हिरवं वाढं तोंडापुढं लोंबतं. पाय दिसत नाहीत, फळी दिसत नाही, ट्रकही दिसत नाही. डोळस माणूससुद्धा फळीवर आंधळाच.

लहानगी ईश्वरी ट्रकच्या चाकाजवळ बसून वर बघायची. आईचे तळपाय तेवढे दिसायचे. ते घाई करायचे नाहीत. एक पाऊल टेकायचं, थांबायचं, जणू फळीला विचारायचं, आणि मगच दुसरं उचलायचं. मान काठीसारखी ताठ.

मग हळूहळू नजर गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागची नस वाळली. ती घरात बसली. लोक हाताला धरून नेऊ-आणू लागले, आणि त्या धरण्यानं तिची मान हळूहळू खाली आली. ईश्वरीला वाटायचं, वय झालं.

"हं"

पितळी घागर काठोकाठ भरली. बारवेच्या वरच्या पायरीपर्यंत कुणीही हात लावला तरी चालतो. नियम तिथून पुढं सुरू होतो. छबुबाईनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"मी देतो उचलून," गहिनीनाथ म्हणाला.

गहिनीनाथ म्हणजे छबुबाईचा नवरा. गुडघे गेलेले, तोंडात तंबाखू, आणि बोलणं इतकं कमी की भावकीत त्याला 'मुका' म्हणत. तोडीवर तिच्या डोक्यावर मोळी चढवायची ती ह्यानंच. त्यानं घागर दोन्ही हातांनी उचलली, चुंबळीवर ठेवली आणि म्हणाला, "हं."

छबुबाईची मान वर आली.

ईश्वरीनं पाहिलं. ती खांद्यातून वर आली, पाठ सरळ झाली, हनुवटी उचलली गेली. कितीतरी वर्षांनी आई तिच्याएवढी उंच दिसली. नाही, तिच्यापेक्षा उंच.

"काकू," विजयसिंह पुढं आला, "कावून जिवाशी खेळताव? गावाला सगळं म्हाईत हाय. तुमचा मान आमच्या मनात हायेच की."

"मनातला मनात ठिव, लेकरा. मी डोंगरावरचा आनायला चालले."

गर्दीत हशा पिकला. ईश्वरीचा चुलतभाऊ भागवत अशा वेळी गप्प बसला असता तर तो भागवत नसता. "भैय्या, बॅनर जरा सावलीत ठिवा बे! ऊन लागलं की रंग उडतो."

येऊ द्या

आता वाट कशी सांगायची?

बोलून सांगणं जमलं नव्हतं. ईश्वरीनं इकडंतिकडं पाहिलं. भाकरी बांधून आणलेल्या फडक्यात एक स्टीलची ताटली होती. ती तिनं घेतली आणि बोटातल्या अंगठीनं वाजवून पाहिली. ठण्ण. एस. टी.त घंटीची भाषा सगळ्यांना ठाऊक असते. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. त्यात तिसरा शब्द नाही, म्हणून तर गाड्या चालतात.

दुसरी गोष्ट तिला स्टँडवरून सुचली. गाडी मागं घेताना कंडक्टर मागं जाऊन उभा राहतो आणि ड्रायव्हरला हाक देत राहतो. ईश्वरी आईच्या पुढं जाऊन उभी राहिली. तोंड आईकडं, पाठ डोंगराकडं.

ठण्ण ठण्ण.

"येऊ द्या, येऊ द्या..."

छबुबाईनं पाऊल टाकलं. "मी काय यष्टी हाय का गं?"

"हायेस. लाल डबा. येऊ द्या."

ज्या चढाला ती पडली होती तो चढ आला. टेकलं पाऊल. थांबलं. विचारलं. उचललं. घागरीतलं पाणी हललंसुद्धा नाही.

ठण्ण ठण्ण.

येऊ द्या.

ठण्ण.

"डावीकडं घे. अजून. बास."

ठण्ण ठण्ण.

मागं सगळं गाव घागरी घेऊन रांगेत. छबुबाईच्या पुढं जायचं नाही, तिच्या चालीनंच चालायचं. पन्नास घरांचं गाव एका आंधळ्या बाईच्या पावलावर पाऊल टाकत डोंगर चढत होतं. आणि पुढं ईश्वरी, उलटी.

उलटं चढणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. तिला आईचे पाय दिसत होते, आईच्या पुढची वाट दिसत होती, पण स्वतःची टाच कुठं पडते ते दिसत नव्हतं. मागून आरोळी आली, "ईश्वरे, बोराटी!" आणि आरोळी पोचेपर्यंत ती बोराटीत बसली होती. मऊ जागी. काट्यांवर.

"काय झालं?" छबुबाई जागच्या जागी थांबली.

"काही न्हाई, माय."

"काकू, कंडक्टर खाली बसला!" भागवत ओरडला. "आंधळी चालती न डोळस पडती, असलं कलियुग!"

छबुबाई हसली. हसली तशी घागर डचमळली, आणि दोन थेंब तिच्या कपाळावरून ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबले. पुसायला तिनं हात काढला नाही.

आठवणीतली वाट

पुढं तर छबुबाईच ईश्वरीला वाट सांगू लागली.

"आता पळस यील. त्याच्या मुळ्या वाटंत आल्यात."

आला पळस. फुलं गळून गेलेली, मुळ्या तिथंच.

"आता गाढवलोळन. माती भुसभुशीत. तिथं तिरकं चढायचं."

चढली तिरकं.

"आता वारं लागंल डाव्या गालाला. खिंड."

लागलं वारं. घागरीवर त्यानं एक बारीकशी शीळ घातली. ईश्वरीनं ताटली खाली घेतली. थोडा वेळ तिची गरजच नव्हती. दरीत खाली बेलदऱ्याची पत्र्याची घरं चमकत होती, त्यापलीकडं रस्ता, आणि रस्त्यावरून एक एस. टी. मुंगीच्या चालीनं निघाली होती. तिच्यात कुणी दुसराच कंडक्टर तिकिटं फाडत असणार. ईश्वरीला वाटलं, बिचारा.

मग छबुबाईचं पाऊल टेकलं आणि तिथंच अडलं.

"हे काय?"

"पायऱ्या, माय. शिमीटच्या."

"हितं कवा पायऱ्या होत्या?"

"औंदा बांधायला काढल्यात. अर्ध्याच झाल्यात."

"कुनी?"

"विकासानं," मागून भागवत म्हणाला. विजयसिंह खाली बघू लागला, कारण ते काम त्यानंच मंजूर करून आणलं होतं आणि पाडव्याच्या आत पूर्ण करतो असं सांगितलं होतं.

आता आठवण उपयोगाची नव्हती. जुनी वाट खणून काढली होती. पायऱ्या एक उंच, एक बुटकी, एकीवर वाळू, एकीतून गज वर आलेले. ईश्वरीनं घसा साफ केला आणि ताटली उचलली. ठण्ण ठण्ण. ठण्ण. उंच. ठण्ण ठण्ण. बुटकी. ठण्ण. गज हाय, उजवा पाय जरा फाकून. बास. प्रत्येक पायरीला छबुबाईचा पाय विचारत होता, पण नव्या सिमेंटला अजून उत्तर द्यायची सवय नव्हती. तिच्या मानेची शीर ताठ उभी राहिली. घामानं चुंबळ भिजली.

आणि पायऱ्या संपल्या.

चर

पायऱ्या संपल्या तिथं खडकात आडवा चर खोदलेला होता. वरून येणारं पावसाचं पाणी काढायला म्हणून असेल. खोल, आणि ओलांडायला रुंद. पलीकडं माथ्याचा शेवटचा चढ. अलीकडून पलीकडं जायला गवंड्यांनी टाकलेली एक लाकडी फळी, पलीकडचं टोक वर उचललेलं.

ठण्ण.

छबुबाई थांबली.

आबा मागून धापा टाकत पुढं आले. त्यांनी चर पाहिला, फळी पाहिली, डोक्यावरचा पटका काढून घाम पुसला.

"छबुबाई," ते म्हणाले, "हितवर आलीस, लई झालं. ह्ये असलं काही तवाच्या वाटंत नव्हतं. रीत काय देवानं दिली का? आपनच केली. दोघी-तिघी धरून नेत्याल तुला पल्याड. मान तुझाच. मी सांगतो ना."

कुणी नाही म्हणालं नाही. विजयमालासुद्धा रांगेत मागं उभ्या उभ्या म्हणाली, "हां हां, धरा की."

ईश्वरीच्या अंगातून सगळा ताण ओसरला. झालं. मान राहिला, आई राहिली. तिनं आईकडं पाहिलं.

छबुबाईचा चेहरा असा झाला होता, जसा त्या संध्याकाळी "बरं" म्हणताना झाला होता.

आणि ईश्वरीला ते "बरं" आत्ता कळलं.

"ईश्वरे," छबुबाई म्हणाली, "फुडं हाय काय?"

खोटं बोलता आलं असतं. दरड आहे, कोसळली आहे, काहीही.

"फळी," ईश्वरी म्हणाली.

"कसली फळी?"

"लाकडाची. चढती."

छबुबाईच्या पोटातून हसू आलं, दाबलेलं, घागर हलू नये म्हणून ओठ मिटून धरलेलं. "किती रुंद?"

"ट्रकला लावायचे तेवढीच. लांबीला त्याहून कमी."

"कुनी दाबून धरलीय का?"

"मी धरते, माय. पल्याडनं. तुला न्हाई, फळीला."

"आबा," छबुबाई मान न वळवता म्हणाली, "फळीला हात लावला तर चालतो का तुमच्या रितीत?"

आबांनी पटका पुन्हा डोक्यावर ठेवला. "फळीला चालतो," ते म्हणाले.

फळीवर

ईश्वरी आधी पलीकडं गेली आणि फळीच्या टोकावर दोन्ही गुडघे रोवून बसली आणि तिनं ताटली वाजवली नाही कारण हात मोकळे नव्हते, "ये" एवढंच म्हणाली, आणि छबुबाईनं चपला काढून ठेवल्या, उजव्या पायाचा अंगठा लाकडावर फिरवला, कड कुठं आहे ते एकदा पाहिलं, पायानंच, आणि चढली, एक, मग थांबली, फळीनं काहीतरी सांगितलं असावं, ती ऐकून दुसरं पाऊल, फळी लवू लागली, खाली चर, चरात गज, मागं एका लेकराला आईनं तोंडावर हात ठेवून गप्प केलं, मधोमध आली तशी फळी सगळ्यात जास्त लवली, घागरीतलं पाणी एका अंगाला झुकलं आणि छबुबाईची कंबर दुसऱ्या अंगाला, किंचित, नाच केल्यासारखी, पाणी परत जागेवर आलं, आणि ईश्वरीला समोरून ते पाय दिसत होते, चाकाजवळ बसून बघायची तेच, फुगलेल्या शिरा, पसरलेली बोटं, घाई नसलेले, ते तिच्या गुडघ्यांजवळ येत होते, आले, आणि शेवटचं पाऊल फळी सोडून मातीवर टेकलं तेव्हा मागून गहिनीनाथ, जो गुडघ्यांमुळं खरं तर खालीच थांबणार होता आणि कधी मागोमाग चढून आला ते कुणाला कळलंच नाही, तो मुका गहिनीनाथ बेंबीच्या देठापासून ओरडला,

"चढलीऽऽ! माझी छबू चढलीऽऽ!"

चुन्याची रेघ

माथा सुरू होतो तिथं दगडांवर चुन्याची रेघ मारलेली असते. ईश्वरी रेघेपाशी आली आणि बाजूला झाली.

"माय, हितनं फुडं मला यायचं न्हाई. तुझ्याआधी कुनाचाच पाय न्हाई पडायचा."

"किती लांब हाय?"

"हाय थोडं. सरळ जा."

छबुबाई लेकीच्या अंगावरून पुढं गेली. इतक्या जवळून की लुगड्याचा काठ ईश्वरीच्या हाताला लागला. तेवढं चालत असावं.

माथा सपाट. एका बाजूला कडा. ती सरळ निघाली आणि मग थोडी डावीकडं वळू लागली, कड्याच्या अंगानं. ईश्वरीनं ताटली वर केली.

ठण्ण.

एकच. छबुबाई थांबली. ईश्वरीला हाक मारावीशी वाटली, उजवीकडं म्हणावंसं वाटलं, दोनदा वाजवावंसं वाटलं. काहीच केलं नाही. आईनं पायानं जमीन चाचपली. माथ्यावर गवत होतं, पण इतक्या वर्षांच्या पावलांनी रांजणाकडं जाणारी एक टणक पट्टी उरली होती. तिचा पाय गवतातून निघाला आणि त्या पट्टीवर आला.

मग ती अशी चालली की जणू स्वतःच्या घरात चुलीकडून उंबऱ्याकडं चालली आहे.

आणि धाडकन तिचा गुडघा दगडावर आपटला. सकाळी पडताना टेकला होता तोच.

"सापडला!" ती ओरडली.

पाणी

घागर तिनं डोक्यावरून दोन्ही हातांनी उतरवली, रांजणाच्या काठावर टेकवली आणि कलती केली.

कोरड्या दगडावर पाणी पडलं की आधी दगड पितो. पहिला आवाज आला तो तापल्या तव्यावर पडल्यासारखा. मग जरा दमानं रांजणाच्या पोटातून घुमला, खोल. तो घुमला आणि रेघेअलीकडून गाव उसळलं. हलगी वाजली. बायकांनी घागरींवर हात मारून आणखी एक हलगी केली. आबा डोळे पुसत होते आणि वाऱ्यानं कचरा गेला म्हणून सांगत होते. विजयसिंहानं आपला फोन वर धरला होता. रांजणावर ओणव्या झालेल्या छबुबाईचा फोटो काढला त्यानं, आणि तो त्याच्या निवडणुकीच्या कामाचा नव्हता.

ईश्वरी पहिली धावली. आता शिवायला हरकत नव्हती. तिनं आईला मागून मिठी मारली आणि दोघी रांजणात पडता पडता राहिल्या.

"कावून रडतीस?"

"रडत न्हाई."

"मग पाठ कशानं ओली झाली माझी?"

दुसरी घागर

दुसरी घागर विजयमालाची. ती दमून लाल झाली होती, जरीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला. तिनं घागर रांजणावर धरली. पाणी डुबुक डुबुक करत पडलं आणि भसकन संपलं.

छबुबाईनं कान टवकारले. "अर्धीच आनलीस की गं!"

"काकू, वजन होतं हो लई..."

"वजन होतं म्हनून तर चढता येतं. बाई, अर्धी घागर लई वाईट. पानी आत पळतं, मानूस त्याच्या मागं पळतं. काठोकाठ भरून आन, बघ कशी गुमान बसती डोक्यावर."

विजयमाला आधी ओशाळली, मग भागवत हसला, आणि मग तिलाच हसू आलं. हसता हसता ती रांजणाला टेकून खालीच बसली.

छबुबाईनं चुंबळ झटकली, पुन्हा गोल वळली. रिकामी घागर हाताला लावली.

"चला. दुसरी खेप."

"माय! बास झालं आता. मान झाला तुझा."

"मान झाला. पानी कुठं झालं? रांजन केवढा हाय."

ती दोन पावलं चालली आणि थांबली. रिकाम्या डोक्यानं उभी राहिली की तिची मान पुन्हा जराशी खाली यायची. तिनं हवेत हात पुढं केला, कुणाकडं ते न बघता.

"चढायचं मला येतं," ती म्हणाली. "उतरायचं तेवढं धरून न्या कुनीतरी. उतरायला मला लई भ्या वाटतं."

एकदम इतके हात पुढं आले की कुणाचा धरावा ते तिला कळेना. तिनं चाचपून बघितले. एक खरबरीत होता, एक लहान. एक बांगड्यांनी भरलेला आणि अजून थरथरणारा. तो तिनं घट्ट धरला.

"विजयमाला ना तू?"

"हो, काकू."

"चल. आन भरताना काठोकाठ भरायची. मी बोट घालून बघनार हाय."